आपोआप फुगणारी गादी

गुलाबराव अंथरूण विकत घेण्याआधी दुकानातच त्याच्यावर आडवे होत. नुसता हात फिरवून पाहणं नाही. चपला काढून, टोपी छातीवर ठेवून, डोळे मिटून चक्क आडवे. अकोल्याच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, जमिनीला पाठ लावलेलं. श्रमदान शिबिरासाठी सतरंज्या घ्यायला मी अमरावतीहून आलो होतो आणि मदतीला म्हणून आमच्या समितीने बाळापूरकडचे एक शेतकरी दिले होते. मी दुकानात शिरलो तर गल्ल्यासमोर सतरंजी पसरलेली, तिच्यावर चाळिशीचा, पोट सुटलेला एक माणूस, आणि शेजारी दुकानदार आरतीला उभं राहावं तसा हात जोडून उभा.

"मानूस दुकानात पाठीवर निजते अन् घरी कुशीवर," डोळे न उघडता त्या माणसाने सांगितलं आणि तो कुशीवर वळला. "सतरंजी कशी हाय ते दुकानदाराले काहून इचारता? आपल्या खुब्याले इचारा. खांद्याले इचारा." थोडा वेळ गेला. मग उठून त्याने टोपी झटकली. "हे नाई जमत, शेठ. खुबा रडून राह्यला."

मी सांगितलं की शिबिराला स्वस्त सतरंज्या हव्यात. खुब्याचं सुख आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "तुमीच का ते पत्रकवाले? या, बसा. पत्रकराव, रात्रभर कुशी बदलनारा मानूस सकाळी टोपलं नाई उचलत, दुसऱ्याच्या चुका उचलते." तेव्हापासून मी पत्रकराव. महिन्याभरात समितीतले सगळे मला तेच म्हणू लागले. माझं आईबापांनी ठेवलेलं नाव एका दुकानात, एका आडव्या माणसाने पुसून टाकलं.

शिबिर बाळापूरजवळ मन नदीच्या काठच्या एका गावात होतं. पावसाळ्यात त्या गावाची बैलगाडी चिखलात रुतून बसे, म्हणून मुरूम टाकून सडकेपर्यंत रस्ता बांधायचा, हे वरकरणी काम. खरं काम माझ्या पत्रकात होतं. 'एक पंगत, एक पाणी' हे त्याचं नाव. वरची आळी आणि गावकुसाबाहेरची खालची वस्ती शेवटच्या दिवशी एका पंगतीला बसवायची, हा माझा निर्धार. समितीचे अध्यक्ष अण्णा त्या दिवशी अकोल्याहून येणार होते आणि वऱ्हाडभरच्या प्रचारदौऱ्याचा प्रमुख तिथेच ठरणार होता. ते पद मला हवं होतं. का नसावं? रात्री जागून पत्रकं कोणी लिहिली? शाईने कोणाची बोटं काळी झाली?

शिबिराचे नियमही मीच लिहिले होते. प्रत्येकाने एक सतरंजी, एक घोंगडी आणावी. गादी, लोड, उशी वर्ज्य. ज्या मुलखात कापूस पिकवणाऱ्याला स्वतःच्या गादीत कापूस भरायची ऐपत नाही, तिथे कार्यकर्त्याने गादीवर लोळणं हा गुन्हा आहे, असं मी लिहिलं होतं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. गुलाबरावांनी नियम वाचला, मान डोलावली आणि शिबिराला येताना रबराची गादी आणली.

महायुद्धाच्या काळात ते लष्कराच्या एका कोठारावर कारकून होते. लढाई संपल्यावर जुनं सामान विकलं गेलं त्यातली ही. गुंडाळली की काखेत मावे. हिरवट रंग, सायकलच्या ट्यूबचा वास, कोपऱ्यात पितळी तोटी आणि तिला साखळीने बांधलेलं झाकण. तोंडाने हवा भरायची. मी नियमावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "कापसाची गादी वर्ज्य हाय ना? हिच्यात कापूस कुठं हाय? हिच्यात तं काहीच नाई." सगळे हसले. तरुण मुलं माझ्या नियमावर हसली, ते मला दिसलं.

काळ्या जमिनीवर हिवाळ्यात झोपून पाहिलं नसेल त्याला हे सांगून कळणार नाही. शाळेला लागूनच्या, कापसाची पराटी उपटलेल्या वावरातली ढेकळं सतरंजीखालून एकेक करून ओळख सांगतात, आणि पहाटेची थंडी वरून येत नाही, खालून येते. "घोंगडं वरून घ्याले नाई, खाली टाकाले असते," गुलाबराव मुलांना सांगत. कोणी कडबा पसरला, कोणी गोणपाटात सरकी भरली, आणि अंथरुणांची तपासणी सुरू झाली. संध्याकाळी जेवणं झाली की ते एकेकाच्या अंथरुणावर आडवे होऊन निकाल देत. "हे तुह्या खांद्याले बरं. हे फेक, बैलाले टाक." मी त्याच वेळेला बौद्धिक ठेवलं होतं. बौद्धिकाला गर्दी कुठे असे ते विचारू नका.

पण खरी गर्दी गादी फुगवताना. पहिल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः फुंकायला घेतलं, चार फुंकांत लाल झाले आणि दम खात बसले. पाटलांचा श्यामराव बाजूलाच होता. "द्या भाऊ, मी मारतो," म्हणून त्याने तोटी तोंडात घेतली. मग गावातले दोघे. मग रस्त्यावर दिवसभर मुरूम ओढणारा खालच्या वस्तीतला दौलत बाजूला उभा होता, त्याला गुलाबराव म्हणाले, "दौलत, तुह्या छातीत भाता हाय लेका, पाहून काय राह्यला?" दौलतने तोटी घेतली, आणि गादी जागच्या जागी वर आली. लगेच श्यामराव ओरडला, "थांब थांब, माह्या राह्यल्या!" आणि दौलतच्या तोंडातली तोटी ओढून त्याने आपल्या तोंडात घातली.

मी शाळेच्या ओसरीच्या खांबाशी उभा होतो. ज्या गावात दौलतच्या आईला पाणी वरून ओततात, त्या गावात पाटलाच्या पोराने त्याची उष्टी तोटी चोखली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. पत्रक माझं, निर्धार माझा, आणि घडून गेलं ते एका लठ्ठ माणसाच्या झोपेसाठी!

दुसऱ्या दिवसापासून ठरूनच गेलं. गुलाबराव गादी अंथरून बाजूला पान लावत बसायचे. माणसं येत, फुंकत, पैजा लावत. "माही गादी आपोआप फुगते," ते ऐटीत सांगत. "फकस्त दोन फुंका कमी ठेवा रे. टम्म झाली की दगड होते. अंगाले जागा पायजे." मी एकदा त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही हे मुद्दाम केलंत का? तसं असेल तर सभेत सांगा, त्याला तत्त्वाचा आधार द्या. ते माझ्याकडे पाहत राहिले. "कायचं तत्त्व, बावा? मले झोप पायजे होती."

हे उत्तर खरं होतं, म्हणूनच ते मला खुपलं. तत्त्व असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

मग एका सकाळी गादी सपाट झालेली निघाली. बाभळीचा काटा. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काटा लावला नाही. मला करायचं असतं तर मी पत्रक काढून केलं असतं. पण गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जमीन बाभळीची हाय, काटा तिचाच," म्हणून त्यांनी सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणलं. माझ्यावर संशय घेण्याइतकी किंमतही त्या माणसाने मला दिली नाही.

शेवटच्या दिवशी अण्णा आले. रस्ता सडकेला भिडला होता. पंगत मांडली. वरच्या आळीतली बरीच माणसं आली, पण कोणाला उपास निघाला, कोणाचं पोट बिघडलं, आणि जे बसले ते मारुतीच्या पारापासून एका बाजूने बसले. खालची वस्ती दुसऱ्या बाजूने. मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. त्या जागेत उभा राहून मी बोललो. कडक बोललो. ढोंगाला ढोंग म्हटलं. माणसं खाली माना घालून जेवली आणि उठून गेली.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात नेहमीसारखी गादी पसरली. अण्णा खुर्चीवर बसून पाहत होते. श्यामराव झाला, दौलत झाला, पुन्हा श्यामराव. तेवढ्यात गावातले सखाराम बुवा, तोंडात दात नसलेले म्हातारे, माझ्याकडे वळले. "पत्रकराव, सारं गाव फुंकून गेलं. तुमी काहून नाई? बामनाचं तोंड बाटते का?"

श्यामरावाने तोंडातली तोटी काढली. मी फुंकलं नव्हतं ते गादी नियमाबाहेर होती म्हणून. पण हे त्या क्षणी कोणाला सांगणार? 'एक पंगत, एक पाणी' लिहिणारा मी, आणि उष्ट्याच्या नावाने मागे राहिलेला अख्ख्या शिबिरात एकटा मीच दिसत होतो. तोंड लावलं तर माझ्या नियमाला मीच मूठमाती देणार. नाही लावलं तर पत्रकाला. अण्णा पाहत होते.

गुलाबराव पान चघळत म्हणाले, "बुवा, त्याले काहून छळता? तो गादीवर रुसला हाय, मानसावर नाई." आणि तोटी माझ्यापुढे धरली. "फुंका पत्रकराव. नियम मोडला म्हनून माह्यावर उद्या पत्रक काढा."

मी फुंकलं. ओली, तंबाखूच्या वासाची तोटी. माझ्या फुंकेने गादी हलली नाही, मी मात्र खोकलो. हशा झाला, टाळ्या झाल्या, दौलतने माझ्या पाठीवर थाप मारली. शिबिरात माझ्या वाट्याला आलेल्या टाळ्या त्या तेवढ्याच. त्याही गुलाबरावांनी मिळवून दिलेल्या.

रात्र उतरायच्या आत अण्णांनी निर्णय सांगितला: दौऱ्याचे प्रमुख गुलाबराव. मी मान खाली घातली नाही. सरळ पाहत राहिलो. गुलाबराव हात जोडून उठले. "अण्णा, मले माफ करा. गावोगाव नवी जागा, मले झोप लागत नाई. पत्रकरावाले द्या. त्याले तशीबी लागत नाई." पुन्हा हशा. अण्णांनी माझं नाव घेतलं. ज्या गोष्टीसाठी मी जिवाचं रान केलं, ती मला एका माणसाच्या झोपेतून उरलेली म्हणून मिळाली.

अकोल्याच्या मोटारस्टँडवर निरोप घेताना गुलाबरावांनी काखेतली गुंडाळी माझ्या हातात कोंबली. "न्या. नियम तुमचाच हाय, तुमीच मोडा. अन् ध्यानात ठेवा, दोन फुंका कमी."

दौऱ्यात मी ती उघडली. नियम आता समितीचा होता, आणि पाठ माझी होती. चांदूर रेल्वेकडच्या एका गावात शाळेच्या ओसरीवर पसरली आणि बाजूला बसलो, त्यांच्यासारखाच. माणसं आली, पाहून गेली. "काय हाय जी हे?" "गादी." "बरं बरं." कोणी तोंड लावलं नाही. मीच फुंकली, कानशिलं दुखेपर्यंत. गावोगाव तसंच. माझी भाषणं चांगली झाली, असं सगळेच म्हणतात. पण गादी मला रोज एकट्याने फुगवावी लागली.

गेल्या हिवाळ्यात गुलाबराव गेले. झोपेतच. हेही त्यांना साधलं. मी उशिरा पोहोचलो. अंगणात माणसं बसलेली होती, मी ओळखत होतो ती सगळी. गादी परत करायला नेली होती. वहिनींनी ती पाहिली, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "तुमच्याच जवळ राहू द्या भाऊ. मी कुठं नेऊ?" मी ती तशीच ओट्यावर ठेवली. थोड्या वेळाने श्यामराव उठला. त्याने ती पसरली आणि तोटी तोंडाला लावली. मग दौलत. मग सखाराम बुवा, दात नसलेल्या तोंडाने, अर्धी हवा बाहेर सांडत. एकेक माणूस उठत होता. कोणी पैज लावत नव्हतं. गादी भरली तेव्हा दौलतने झाकण घट्ट फिरवलं, आणि तिच्यावर कोणी बसलं नाही.

मेल्यावरही त्यांची गादी आपोआप फुगली. मी तिथे बसून पाहिलं आणि मला पोटातून हेवा वाटला. माझ्यासाठी कोण फुंकेल?

परतताना हवा काढून गुंडाळी करायची होती. झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. तशीच फुगलेली गादी खांद्यावर घेऊन स्टँडवर आलो. कंडक्टर खवळला. "साहेब, हवा सोडा न तिची! का तिचं वेगळं तिकीट फाडू?"

"फाडा," मी म्हणालो. "हवा सोडत नाही."

"काहून?"

"माझी नाही."

त्याने मला वेड्यात काढलं आणि गादी टपावर बांधली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी शिडीवरून वर चढलो. जुनं ठिगळ जरा गळत होतं. तळहाताने दाबून पाहिलं. दोन फुंका कमी होत्या. निजायला अगदी बरोबर.