फटीतला उजेड

मी कॉलेजात गणित शिकवते. वर्गाकडे जाताना वर्कशॉपच्या खिडक्या लागतात आणि आतून कानशींचा खरखराट ऐकू येतो. आज एका खिडकीशी पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी होती. तिच्या हातात घासायला दिलेला जॉब होता: लोखंडाचे दोन तुकडे, एकाला खाच आणि दुसरा त्या खाचेत बसणारा. तिने ते एकमेकांत बसवले आणि डोळ्यांसमोर उजेडाकडे धरले.

"बसलाय की जॉब. दाखव सरांना," शेजारचा मुलगा म्हणाला.

"फटीतून उजेड येतोय अजून," ती म्हणाली.

मला गंमत वाटली. आम्ही मुलांना जन्मभर उजेडाकडे बघायला सांगतो आणि इथे उजेड दिसला की काम कच्चं. जिथे उंचवटा राहिला होता तिथे ती कानस फिरवू लागली, अगदी हलक्या हाताने. माझं फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसता येतं. घासून गेलेलं लोखंड परत आणता येत नाही. माणसांनाही एकमेकांत बसायला वेळ लागतो तो म्हणूनच असेल. लग्नानंतर आम्ही दोघंही भराभर घासायला निघालो होतो, तेही समोरच्याची बाजू.

तासाची घंटा झाली, तरी माझा पाय निघेना. तिने तुकडे पुन्हा जुळवले आणि त्या मुलाच्या हातात दिले. त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"काहीच दिसत नाहीये," तो म्हणाला.

ती हसली.