बांधाकडचं पान

आमच्या घराण्याला गावात अजून 'आलेली माणसं' म्हणतात. आजोबांचे आजोबा कधीतरी एका दुष्काळात बैलगाडी घेऊन केमजवळच्या या गावात आले, माळ फोडून त्याचं रान केलं आणि तिथल्याच मातीत गेले. त्यानंतर गावात वीज आली, नळ आला, मोबाइलचा मनोरा आला. ते सगळं गावचं झालं. आम्ही आपले आलेलेच. गावाची आठवण दांडगी असते, पण सोयीपुरती.

मला याचं कधी फार वाटलं नाही. मी सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवते आणि या शहरात जो तो कुठून तरी आलेलाच आहे. माझ्या गल्लीत एका दारात तेलुगू ऐकू येतं, पुढच्या दारात उर्दू, समोर कानडी. 'मूळचे कुठले?' असं इथं कुणी विचारलं तर माणूस स्वतःचं नाव सांगावं तितक्या सहज सांगतो.

अण्णांना मात्र, म्हणजे माझ्या वडिलांना, ते फार लागलं. गावच्या जत्रेच्या बैठकीत पालखीला खांदा कुणी द्यायचा यावर बोलणं चाललं होतं. अण्णांनी आपलं घर सुचवलं. त्यावर त्यांच्याच वयाचा एक जण सगळ्यांदेखत म्हणाला की मान जुन्या घरांचा असतो, तुमचा म्हातारा तिकडं काहीतरी करून रातोरात पळून आलेला. बसलेली माणसं हसली. अण्णा उठून घरी आले. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान रात्री जेवले तरी असते. तेव्हापासून दर फोनला त्यांचं एकच चालू झालं.

"तू शिकलेली हायस. आपला म्हातारा गाव सोडून का आला, एवढं हुडकून दे."

कुठून आला हे त्यांना नको होतं. का आला, हे हवं होतं. चोरी करून, भावाशी मारामारी करून, की आणखी काही? ज्या माणसाला त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, त्याची अब्रू हा माणूस या वयात छातीशी धरून बसला होता. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

मी कचेऱ्यांत खेटे घातले. एका कचेरीतून दुसरीकडे, तिथून रेकॉर्डच्या खोलीत, आणि तिथला माणूस जेवायला गेलेला. शेवटी जे जुने कागद मिळाले त्यांत आमचं रान होतं, बांध होते, विहीरही होती. पण म्हातारा येण्याआधी कुठं होता याबद्दल चकार शब्द नव्हता.

वाट सापडली ती शाळेत, मधल्या सुट्टीत, एका जेवणाच्या डब्यात. आमच्या घरी मार्गशीर्षातल्या अमावास्येला एक रीत आहे. शेतात कडब्याची कोप उभारायची, म्हणजे खोपटं. आत पाच दगड मांडून पूजा करायची आणि सगळ्यांनी तिथंच जेवायचं. ताकातली ज्वारीची आंबील, सगळ्या शेंगाभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे. आमच्या गावात दुसरं कुणी हे करत नाही. शेजारी म्हणायचे, ह्यांची दिवाळी उशिरा असते. ती अमावास्या झाली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या एका सहकारी बाईंनी डबा उघडला. आत आमच्याच घरची भज्जी आणि उंडे होते.

बाई मैंदर्गीकडच्या, म्हणजे आमच्या गावापासून पार दक्षिणेला, कर्नाटकाच्या सीमेजवळच्या. त्यांना माझ्या आश्चर्याचंच आश्चर्य वाटलं. त्यांच्याकडे ही येळवस घराघरांत असते, त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. मी सहज विचारलं की कोपीबाहेर जे वेगळं पान मांडता ते कशासाठी? बाई म्हणाल्या, बाहेर पान कसलं?

आमच्याकडे असतं. सगळे जेवायला बसण्याआधी दक्षिणेच्या बांधाकडे एक पान वाढायचं, कुणी त्याला हात लावायचा नाही, आणि दिवस मावळला की ते गाईला घालायचं. दक्षिणेकडे पान मांडू नये म्हणून एका भटजींनी आजोबांना टोकलंही होतं. आजोबा म्हणाले होते, आमचं तिकडंच असतं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

बाईंनी आपल्या आईला विचारलं. आईनं दोन-चार ठिकाणी विचारलं. शेजारच्या गावात एक घर निघालं, तिथं असं पान मांडतात. पुढच्या येळवशीला मी अण्णांना घेऊन तिकडे गेले. अण्णांनी ठेवणीतलं धोतर काढलं होतं. माणूस निकालाला निघाला होता.

शाळू पोटरीत आला होता, कणसं अजून पानांच्या आतच होती. कोपीपाशी त्या घरातली सगळ्यांत थोरली म्हातारी बसली होती. तिचं मराठी कानडी हेलाचं, सुनेशी तर ती कानडीतच बोलत होती. कोपीबाहेर, उत्तरेच्या बांधाला, एक पान वाढलेलं होतं. आमचं दक्षिणेला, यांचं उत्तरेला. मी लगेच स्वतःला बजावलं की एका पानावरून काही सिद्ध होत नाही.

हे पान कुणाचं, असं मी विचारलं. म्हातारीनं सांगितलं ते असं. तिच्या सासऱ्यांच्या आज्याला एक धाकटा भाऊ होता. दुष्काळात घरात दोघांच्या पोराबाळांना पुरेल एवढं उरलं नाही. तेव्हा धाकटा म्हणाला, थोरल्यानं रान धरून राहावं, मी गाडी घेऊन वर, उत्तरेला जातो. येळवशीला येतो म्हणून गेला. आला नाही. थोरल्यानं त्या वर्षी त्याचं पान मांडलं, आणि मग ते मांडतच राहिले.

अण्णा इतका वेळ उभेच होते. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि विचारलं, "भांडून गेला का त्यो? खरं सांगा, आमाला राग न्हाय."

म्हातारीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"भांडून गेलेल्याचं पान कोण मांडतंय की?"

अण्णांचा चेहरा बघवेना. मी आयुष्यात त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या परक्या रानात, चार अनोळखी माणसांसमोर, ते लहान पोरासारखे रडले. म्हातारीनं रडू दिलं. मग सुनेला काहीतरी सांगितलं. सुनेनं तांब्याभर पाणी आणून अण्णांच्या हातावर घातलं. म्हातारी बांधाकडच्या त्या पानाशेजारची जमीन हातानं थोपटून म्हणाली, "कुंद्री." अण्णांना कानडीतलं ओ की ठो कळत नाही. पण ते बसले, आणि त्या पानावरचं सगळं जेवले. आंबील त्यांनी दोनदा मागून घेतली.

परतताना एसटीत माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी त्यांना हळूच म्हटलं, अण्णा, त्यांचं आडनाव वेगळं आहे. दुष्काळात गाव सोडून गेलेले भाऊ काही एकच नव्हते. हे आपलेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पालखीच्या बैठकीत कुणी पुरावा मागितला तर दाखवणार काय?

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. धोतरावर आंबिलीचा डाग पडला होता, तो त्यांनी पुसलासुद्धा नव्हता.

"तुजा पुरावा तुज्यापाशी ठेव," ते म्हणाले. "मी जेवलोय तितं."