पलंगाचं माप कुणी दिलं?

खरं सांगायचं तर असले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो आणि वाचून हसतो. भुतंखेतं, आत्मे, संकेत... यातलं काहीही मी मानत नाही. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, वीस वर्षं जन्मतारखेचे दाखले तपासतोय. कागद दाखवा, मग बोलू, असा माझा स्वभाव. तुमच्यापुढं साक्षात देव उभा राहिला तरी तुम्ही आधार कार्ड मागाल, असं माझी बायको म्हणायची. ती आता माझी बायको नाही, पण तिचं हे म्हणणं खोटं नव्हतं.

तर असा मी माणूस, आणि हे माझ्याच घरात घडलंय, भर दुपारी.

मी परंड्यात राहतो, कुर्डुवाडी रोडला नवी वस्ती झाली आहे तिथं. घराच्या एका बाजूला रिकामा प्लॉट, त्यात बाभळी. दुसऱ्या बाजूला एक रिटायर्ड गुरुजी आणि त्यांची बायको. पाच वर्षांपूर्वी आमचं फाटलं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. समृद्धी, घरी समू. ती आईबरोबर पुण्याला गेली. कोर्टाच्या कागदावर दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही दिवस वडिलांकडं, असं लिहिलंय. कागदावर लिहिलेलं सगळं होतंच असं नाही, हे क्लार्कला कुणी सांगायला नको.

मागच्या दिवाळीत ती पहिल्यांदा राहायला आली, आठ दिवसांसाठी. मी लाडू विकत आणले, फटाके आणले, मागच्या खोलीत तिची गादी घातली. त्या खोलीत तेव्हा जुने पेपर, कूलर आणि सायकल होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं आईला फोन लावला, 'मला न्यायला ये.' का, विचारलं तर बोलेना. नुसती खाली मान. दुपारपर्यंत तिचा मामा गाडी घेऊन आला, आणि नऊ वर्षांची माझी मुलगी मला टाटा करून गेली. सहा दिवसांचे लाडू मी एकट्यानं खाल्ले.

नंतर तिच्या आईनं फोनवर सरळ सांगितलं, "मे महिन्यात एकदा पाठवते. पण तेव्हाही रडत आली तर मी पुन्हा जबरदस्ती करणार नाही." ती भांडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे बोलली, म्हणून मी घाबरलो. मे गेला की मुलगीही गेली, एवढं मला कळलं.

म्हणून मी त्या खोलीचं मनावर घेतलं. पेपर रद्दीत घातले, कूलर हॉलमध्ये आणला. भिंतींसाठी गुलाबी रंगाचा डबा आणला, मुलींना गुलाबी आवडतं म्हणून. परी आणि ढगांची स्टिकर्स आणली. आणि पलंगासाठी लिंबाजीमामांना बोलावलं. हे पासष्टीचे सुतार, माळकरी, हातात सफाई, पण जिभेला लगाम नाही. माझ्या घरी पहिल्यांदाच येत होते.

त्यांनी खोली बघितली, भिंतीला टकटक केलं आणि विचारलं, "पोरगी कुठाय? माप घ्यायचंय."

"माप मी सांगतो की. साडेतीन फुटाची आहे."

"तसं न्हाय चालत सायेब. ज्याचं आथरूण त्याचं माप. आंगापरीस वीतभर जास्त, तेवढाच पलंग. समोर नसलेल्या माणसाचं माप आमी घेत न्हाय. तसलं माप एकाच कामाला घेत्यात, आन् ते काम आपल्याला नगं."

ते काम म्हणजे तिरडी, हे मला लगेच कळलं. तिथंच सांगायला हवं होतं, की मामा, ती इथं नसते. पण ते चार शब्द माझ्या तोंडून निघेनात. परक्या माणसासमोर पाच वर्षांत ते मी एकदाही धड बोललेलो नाही.

"शाळेत गेलीय," मी म्हणालो.

"मग शनवारी घेतो. सकाळची शाळा आसती."

शनिवारी सकाळी मी त्यांना किल्ली दिली आणि शाळेत गेलो. समू आत्याकडं गेलीय असं संध्याकाळी सांगून टाकू, असा विचार केला होता. शनिवारी आमची शाळा साडेअकराला सुटते. पण मी घरी सहाच्या आत जात नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात दोन चहा पितो, पेपर जाहिरातींसकट वाचतो, कुर्डुवाडीच्या गाड्या येता-जाता बघतो. लोकांना वाटतं, माणूस मोठा निवांत आहे. रिकाम्या घराचं कुलूप उजेड असताना उघडायचं जिवावर येतं, एवढंच त्याचं कारण.

त्या दिवशी सहाला घरी आलो तर मामा आवराआवर करत होते. लाकूड कापून झालेलं.

"माप?" मी विचारलं.

"घेतलं की. बाराच्या सुमाराला आली. लई गुणाची हाय पोरगी. फरशीवर सरळ झोपली, म्या सुतळी धरली. ही बगा गाठ."

मामा आपले बोलतच होते.

"गुलाबी नगं म्हणली. पिवळा लावा, लिंबावानी. आन् खिडकीकडं डोकं नगं. आजून एक... लाइटचं बटन दाराजवळनं काडून पलंगापाशी घ्या. झोपल्या झोपल्या हात पोचला पायजे. पप्पांना सांगू नका म्हणली, पर वायरीचं काम काय माजं न्हाय, म्हणून सांगाय लागलं."

मला पहिल्यांदा राग आला. शेजारची कुणी पोर येऊन थट्टा करून गेली असणार. पण शेजारी गुरुजी आणि गुरुजींची बायको, दोघांची मिळून दीडशे वर्षं होतील. गुरुजींना विचारलं, कुणी पाहुणी-बिहुणी? कुणी नाही. मग वाटलं, मामांनी माझं खोटं पकडलं आणि आता माझी फिरकी घेतायत. ठीक आहे. मी ती सुतळी टेपनं मोजली. टोकापासून गाठीपर्यंत एकशे तीस सेंटिमीटर. तीनदा मोजली.

रविवारी समूच्या आईला फोन केला. एरवी मी फोन करत नाही. समूची उंची किती, विचारलं.

"का?"

"पलंग करतोय."

ती म्हणाली, "थांबा, शाळेचं हेल्थ कार्ड आहे." कागद सापडल्याचा आवाज आला. "एकशे तीस."

माझे साडेतीन फूट कुठल्या कुठं राहिले. दिवाळीत मुलगी दीड दिवस माझ्यासमोर होती आणि ती केवढी झालीय हेही मी धड बघितलं नव्हतं.

"काल दुपारी समू कुठं होती?" मी विचारलं.

"शाळेत. स्नेहसंमेलन होतं. का हो?"

तिनं व्हिडिओ पाठवला. समू स्टेजवर, दुसऱ्या ओळीत, नाचताना एक पाऊल उशिरा टाकणारी. पालकांच्या ग्रुपवर तो दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पडलाय, तेही मी विचारून घेतलं. म्हणजे कागद मिळाला. पण कागद बरोबर मामांच्या विरुद्ध, आणि मामांच्या सुतळीची गाठ बरोबर कागदाइतकी... आता यात मी कुणावर शिक्का मारायचा?

शेवटी मुकाट्यानं गुलाबी डबा परत केला. भिंती लिंबू रंगाच्या केल्या. पऱ्यांची स्टिकर्स तशीच गुंडाळून ठेवली. पलंगाचं डोकं खिडकीपासून लांब घेतलं आणि वायरमनला बोलावून बटन उशाशी आणलं. तो म्हणाला, भिंत उगीच फोडताय. मी म्हणालो, फोड.

मे महिन्यात समू आली. खोलीच्या दारात उभी राहून नुसती बघत राहिली. छान आहे म्हणाली नाही. तिची बॅगही मी पूर्ण उघडू दिली नाही. म्हटलं, सकाळी परत भरायचीच आहे.

सकाळी मी नाश्त्याला फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला केला. चुरमुरे जरा जास्त भिजले होते. ती खात होती. मी फोनकडं बघत होतो, कधी मागते म्हणून.

"पप्पा, ते बटन तिथं का लावलं?"

"का? नको होतं का?"

"नाही, बरंय." थोडा वेळ चुरमुरे चिवडून म्हणाली, "दिवाळीत ते दारापाशी होतं. लाइट बंद केला की अंधारात परत गादीपर्यंत चालत यायला लागायचं. आणि तो कूलर माणसासारखा दिसायचा. म्हणून मी गेले."

सहा महिने मी समजत होतो, की तिला मी आवडलो नाही.

"अगं मग सांगायचं की मला."

"तुम्ही हसला असता. मी कुणालाच सांगितलं नाही. आईला पण नाही. तिकडं मी आईजवळच झोपते ना."

मी उठून किचनमध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. डोळे भरले होते, ते तिला दिसायला नको होते.

चार दिवसांसाठी आलेली पोरगी अकरा दिवस राहिली. पाचव्या दिवशी तिनं आईला फोन केला तेव्हा मी मुद्दाम अंगणात जाऊन थांबलो. आत येऊन विचारलं तर म्हणाली, "आईला सांगितलं, इथं माझी खोली आहे."

तिला पुण्याच्या गाडीसाठी कुर्डुवाडी स्टेशनवर तिच्या मामाकडं सोपवून आलो आणि संध्याकाळी लिंबाजीमामांकडं गेलो. त्यांना खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. म्हणालो, "मामा, मी तुमच्याशी खोटं बोललो. माझी मुलगी इथं राहत नाही. पुण्यात असते."

मामा रंधा मारत होते, तो थांबवलाही नाही. "ठावं हाय की. गावात कुणाला ठावं न्हाय? शनवारी पोरगी दिसली तवा वाटलं, सुट्टीला आली आसंल."

"ती त्या दिवशी पुण्यातच होती मामा. स्टेजवर नाचत होती. माझ्याकडं व्हिडिओ आहे."

आता रंधा थांबला. मी मोबाइल दाखवला. मामांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि दुसऱ्या ओळीतल्या समूवर बोट ठेवलं. "हीच की," म्हणाले.

मोबाइल परत देत मामा खालच्या आवाजात म्हणाले, "तुमाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हवतो. माप दिल्यावर ती गेली न्हाय. भाईर पायरीवर बसली. म्हणली, पप्पा साडेआकराला सुटत्यात, येतीलच आता. म्या म्हणलं, आत बस बाय, ऊन हाय. तर म्हणली, न्हाय, मला रस्त्यावरनं दिसले पायजेत. चारपातुर बसली व्हती. मग म्हणली, लई उशीर झाला, आन् गेली."

मी किती जणांना विचारलं. विज्ञानाच्या सरांना विचारलं, ते म्हणाले योगायोग. एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मामांची नजर तपासून घ्या. समूला मी काही बोललेलो नाही, उगीच घाबरेल. खुलासा माझ्याकडं नाही आणि तो मिळेल असं आता वाटतही नाही.

शनिवारी मात्र शाळा सुटली की सरळ घरी येतो. बाराच्या आत कुलूप उघडतो आणि पायरीवर बसतो, अगदी चार वाजेपर्यंत. अजून कुणी आलेलं नाही.