मण्यांची ज्वारी आणि चर्चचं मोठं दार

मणी एकदा सांडले की कितीही झाडा, सगळे सापडत नाहीत. मग तीन महिन्यांनी, नेमके पाहुणे आलेले असताना, एखादा पायाखाली येतो. आमच्या मंडळाचे किस्सेही असेच घरभर पडलेत. नवरा म्हणतो, "लिहून काढ एकदाचे, नाहीतर मीच कधीतरी घसरून पडायचो!"

मंडळ म्हणजे आम्ही चौघी. गणपती उठले की दर गुरुवारी दुपारी नगरला माझ्या घरी बसतो आणि मण्यांची ज्वारीची कणसं, मका, भोपळे, तोरणं करतो. काही दसरा-दिवाळीला लोकांच्या घरी जातात. बाकीची आमच्या चर्चमध्ये, हंगामाच्या सणाला. नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा तो रविवार. मी शाळेतून रिटायर झालेली, शैला पतसंस्थेत, आणि वंदना कुलकर्णी समोरच्या फ्लॅटमधली. ती दसऱ्यापुरतं शिकायला आली आणि कायमची बसली. चौथ्या एस्तेरकाकू. मूळच्या नेवाशाकडच्या, पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेल्या, आणि आम्हा सगळ्यांच्या गुरू.

चर्चच्या मोठ्या दाराला तोरण काकूंचंच. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्यांचंच होतं. माझं तोरण लागतं बाजूच्या दाराला, चपलांच्या रॅकवर! मोठं दार एकदा तरी मिळावं, ही माझी फार जुनी इच्छा. काकूंना ती ठाऊक आहे. त्यामुळे आमची मैत्री घट्ट असली तरी विश्वास काडीचा नाही.

*

शैलाच्या भोपळ्याचे मणी पाहून आमची झोप उडाली होती. टपोरे, नारिंगी, चकचकीत! कापडबाजार पालथा घातला, तसले मणी कुठेच नाहीत.

"कुठून आणलेस गं?"

"मुंबईहून. मावसबहीण पाठवते."

शैलाला मावसबहीण आहे हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वंदना माझ्याकडे बघून भुवई उडवत राहिली.

पुढच्या गुरुवारी माझा भाऊ गावाहून आला. टीपॉयवरचा भोपळा उचलून त्याने फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "आक्के, ही तर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली माळ हाय! परवाच आपल्या खोंडाच्या गळ्यात घातली."

सगळ्यांनी शैलाकडे बघितलं. शैलाने सुई खाली ठेवली नाही.

"मग? खोंडाला चॉइस नसते का?"

*

वंदनाचा मका तर खऱ्यापेक्षा खरा. पिवळ्या काचेच्या मण्यांचे दाणे, हिरव्या कापडाची पानं, वर रेशमाचे केस. दसऱ्याला तिने टोपलीत दोन खरी कणसं आणि मध्ये हे, अशी आरास केली. दुसऱ्या दिवशी बघते तर टोपली रिकामी आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या! सासूबाईंनी मका उकडायला लावला होता. तिन्ही कणसं. पानं सोलून, मीठ घालून.

वंदना रडकुंडीला येऊन सांगत होती, "मुद्दाम केलं हो त्यांनी! माझे मणी डोळ्यांत खुपतात त्यांच्या. पानं सोलताना कळलं नसेल का, कापड आहे ते?"

आम्हालाही पटलं. मी मुद्दाम साखर मागायच्या निमित्ताने गेले आणि सासूबाईंना सरळच विचारलं.

त्या म्हणाल्या, "अगं, हाताला टणक लागलं खरं. पण म्हटलं, आजकालचं हायब्रीड, असेल असंच!"

*

काकू घरी तोरण करतात, पण कुणाला दाखवत नाहीत. आमच्यात बसल्या की कणीस पदराखाली आणि बोटं पदराच्या आत. शैलाने मोबाईलवर डिझाइन बघायला सुरुवात केली तेव्हापासून तर हुकूमच निघाला, "बसायच्या आदी मोबाईल पालथे घाला समद्यांनी."

एकदा माझा वाजला. मुलीचा फोन, म्हणून उचलून कानाला लावला. काकूंनी झटकन पदर ओढून घेतला.

"काढलास न्हवं फोटू?"

"काकू, मी बोलतेय!"

"बोलता बोलता बी निगतोय. काढलास तर काढ. मग दाराला फोटूच लाव!"

*

मागच्या वर्षी काकूंनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तळहातावर मणी ठेवायचा आणि अचानक विचारायचं, "सांग, कंचा रंग?"

मी तीस वर्षं मुलांना रंग शिकवलेत! तरी उत्तर दिलं. मग तोच मणी गुपचूप शैलापुढे, मग वंदनापुढे. आम्हाला वाटायचं, काकू आमची नजर पारखतायत, गुरूच त्या.

एक दिवस तो मणी मोत्यासारखा निघाला. मी म्हटलं, "पांढरा." शैला म्हणाली, "मोतिया." वंदना म्हणाली, "क्रीम."

काकूंनी मूठ मिटली. "तिगींचं तीन! एक तरी खोटं बोलतीय."

त्या दिवसापासून विचारणं बंद. पण आता संशय मला आला. काकू सुईत दोरा ओवायला वंदनाला देत होत्या. चहाचा कप धरण्याआधी चाचपत होत्या. मी हळूच म्हटलं, "काकू, डोळे दाखवायचे का एकदा? मोतीबिंदू असेल. हल्ली काही नाही हो त्यात."

काकूंचा चेहरा असा झाला, की वंदनाने चहा ओतायचा थांबवला.

"डोळं चांगलं हायेत माजं. दार पायजे व्हय तुला?"

मला फार लागलं ते. लागलं, कारण दार मला हवंच होतं.

*

हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये सजावट चालली होती. ऊस, केळीचे खुंट, बाजरीची पोती येऊन पडली होती. काकू नातवाच्या गाडीवरून उतरल्या. छातीशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं तोरण. पायरीवर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने ते उलगडलं.

विणकाम नेहमीचंच, एक गाठ इकडची तिकडे नाही. कणसं भरलेली, पानं जिथल्या तिथे. पण ज्वारी निळी होती! फिकी वगैरे नाही, रॉकेलसारखी निळी. पानं जांभळी. भोपळे काळे.

केळीचे खुंट बांधणारे हात थांबले. काकूंनी मान वर केली. "काय झालं?"

पाळकसाहेब पुढे आले. "काही नाही, काकू. यंदा काहीतरी वेगळंच..."

"वेगळं म्हंजे?"

"म्हणजे... भरघोस!"

शैलाने मला कोपऱ्याने ढोसलं. "तुझं काढ ना. आज कुणी नाही म्हणणार नाही." माझ्या पिशवीत माझं तोरण होतं, सोनेरी कणसांचं, तीन महिने खपून केलेलं. खरं सांगते, हात पिशवीत गेला होता. पण काकू दाराच्या चौकटीवर हात फिरवून खिळा शोधत होत्या. मी पिशवी शैलाकडे दिली, स्टूल ओढलं आणि काकूंचं निळं तोरण मोठ्या दाराला बांधलं. माझं गेलं चपलांच्या रॅकवर.

सण पार पडला. "दार झालं माजं," म्हणत काकू आपणहून लेकीबरोबर डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या. दारावरचं तोरण नाताळची सजावट होईपर्यंत राहतं, पण आम्ही ठरवलं होतं, काकू यायच्या आत ते उतरवायचं. डॉक्टरांनी त्यांना अजून महिनाभर घरात राहायला सांगितलंय, असं लेक म्हणाली होती.

काकू ऐकणाऱ्यातल्या आहेत का! पुढच्याच रविवारी काळा गॉगल लावून हजर. पायऱ्या चढल्या, दारात थांबल्या. गॉगल काढला. वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"माजं तोरान कुटं हाय?"

मी, शैला, पाळकसाहेब, तिघेही एकमेकांकडे बघायला लागलो.

"माजं काढून ह्ये कुनी लावलं हितं? निळी जवारी? जल्मात कुनी निळी जवारी बगितलीया? कुनी केलंय ह्ये?"

शैला चपलांकडे बघत होती. पाळकसाहेबांनी बायबल उघडलं. मी म्हणून गेले, "मी केलंय, काकू."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नव्या डोळ्यांनी, सावकाश.

"मला वाटलंच हुतं."

मग जवळ आल्या, माझा हात धरला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "डोळं दाखवून घे बाय. मोतीबिंदू असंल. लाजायचं काय त्यात?"