भाऊजींचं लंगडणं

सुधाकरभाऊजी गेल्याचा फोन जेऊरहून आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. माझे धाकटे दीर ते. मुलीकडे चार दिवस राहायला गेले, दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. पुतणी नुसती "काकू… बाबा…" म्हणत राहिली. दीड महिना होऊन गेला, पण दुपारी डोळा लागला की मला अजून त्यांची हाक ऐकू येते, "वहिनी, जाग्या आहात का?"

ही हाक एका जुन्या उन्हाळ्यातली बरं का. आम्ही त्यांच्या स्कूटरवरून बाजारातून येत होतो, वळणावर वाळूवरून चाक घसरलं आणि दोघंही डाव्या अंगावर पडलो. मी पन्नाशी ओलांडलेली, ते जरा लहान. दोघांच्याही डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा दोरच म्हणा. एकाच डॉक्टरांनी दोघांना नवा दोर बसवला आणि घरी मधल्या खोलीत दोन खाटा पडल्या. पाय उशीवर, नजर पंख्याकडे. शेजारच्या गल्लीतले माग खटखट वाजायचे, पडदा हलायचा, आणि ऊन भिंतीवरून सरकत जायचं…

"वहिनी, रेल्वेच्या बर्थवर पडल्यासारखं वाटतंय की. कुठलं स्टेशन आलं?"

"जेऊर."

"उतरू नका. डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

असं हसत हसत आम्ही कुठं कुठं जाऊन यायचो. पण पुढं गाडी एकट्या त्यांचीच सुटली. ते काठी टाकून चालायला लागले आणि माझा पाय जिना दिसला की थरथरायचा. मांडी तर काटकी झालेली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मनानं वाईट नव्हत्या, पण बाईमाणसाचं दुखणं लवकर बरं होतं असं त्यांचं ठाम मत. "दोन बाळंतपणं करून उठलीस, गुडघ्याचं काय एवढं? त्यो बघ की कसा फिरतुया!" मलाही वाटायला लागलं, आपणच लाड करून घेतोय की काय.

व्यायाम शिकवायला शबाना नावाची मुलगी यायची. ती म्हणाली, "काकू, बऱ्याच बायकांच्या मांडीत ताकद उशिरा येते. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. शरीराचं असेल… आणि काकांना चहा हातात मिळतो, तुम्ही तो करायला उठता, हेही असेल. पण आत्ता मांडी घालून बसलात तर केलेलं सगळं वाया जाईल."

आणि नेमक्या आई म्हणाल्या, "उद्या कुरडया घालायच्या. तू नुसती खाली बस, बाकी मी बघते." नको म्हणायची मला लाज वाटली. सकाळी पदर खोचला, भिंत धरून उठले, तर समोरून भाऊजी लंगडत आले.

"आई गं… परत धरला गुडघा!"

"काल तर पळत हुतास की!"

"तेच नडलं. आता वहिनींना बसवलंस तर दोघांचं हागणंमुतणं तुलाच काढावं लागंल बघ."

आईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शेजारणीला हाक मारली. दुपारी शबानानं भाऊजींचा पाय वाकवून बघितला. "काका, घोड्यासारखा पाय आहे तुमचा!"

"हळू बोल गं. वहिनींचा बरा होईस्तोवर माझा दुखणार आहे."

मी भिंतीकडे तोंड केलं. हसू येत होतं की रडू, कुणास ठाऊक.

मी एकटी गच्चीवर चढेपर्यंत ते लंगडत राहिले. पुढं ती खोडच झाली. आईंच्या खोलीत जाताना शेवटपर्यंत जरासा पाय ओढायचेच.

परवा आईंच्या तळव्यांना तेल चोळत होते. नव्वदीला आल्यात, डोळ्यांना फारसं दिसत नाही. म्हटलं, आता सांगून टाकावं. "आई, तेव्हा भाऊजींचा पाय दुखत नव्हता."

"म्हाईत हाय की मला. येडं कधी डावा वढायचं, कधी उजवा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुला खाली बस म्हणून गेले हुते. सासूनं शब्द म्हागं कसा घ्यायचा? त्यानं वाट काढून दिली."

मग दुसरा तळवा पुढं करत म्हणाल्या, "सपाता घासत यायचा बघ. अजून तिन्हीसांजंला कान तिकडंच जातोय…"

माझे हात थांबले. आम्ही दोघी दाराकडे कान लावून बसून राहिलो.