आधी घरच्या चपला

आमच्या प्रयोगशाळेत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाचा कुंदाताई पुराणिक आधी वास घेत. पहिल्या दिवशी मी अधारतालहून स्कूटर हाकत रिछाईला पोचलो, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. नमस्कार राहिला बाजूला. त्यांनी नाक वर करून हवा ओढली आणि विचारलं, “खोबरेल?” नव्या नोकरीसाठी म्हणून आईने सकाळी डोक्यावर थापलेलं तेल होतं ते. मी हो म्हणालो. “अच्छा. मागे नळ आहे, साबण आहे. डोकं धुऊन या, मग बोलू.” ओल्या केसांनी नोकरीवर रुजू झालेला माणूस अख्ख्या जबलपुरात मी एकटाच असेन.

ताई आमच्या प्रमुख. अंगाने बारीक, सुती साडी, आणि तेल माहीत नसलेले केस कायम भुरभुरत असलेले. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ताई नाकाने खरोखर काम करत. गजरा, अत्तर, नखांचा रंग, उदबत्ती, फिनेल, यातलं काहीही त्यांच्या दाराच्या आत येऊ शकत नसे. एकदा यंत्रांच्या कंपनीचा एक विक्रेता सेंट मारून आला. ताईंनी त्याला व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला, तासभर गप्पा मारल्या, पण त्याला आत मात्र घेतलं नाही. तो गेल्यावर म्हणाल्या, “काहून इतका शिंपडून येतो कोण जाणे! लग्नाला जाऊन राहिला का हा?”

हा सगळा सोवळेपणा कशासाठी, ते सांगतो. हवेच्या नमुन्यात तेलाची, पेट्रोलची, रंगाची वाफ किती आहे ते तपासणं हे आमचं काम. आमचं यंत्र नमुना एका बारीकशा ज्योतीत जाळून त्याचं उत्तर देतं. पण ज्योत पेटती राहायला हवा लागते, आणि रिछाईची हवा म्हणजे एका अंगाला रंगाचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला ट्रकांची रांग. म्हणून बाहेरची हवा आधी एका पेटीतून जाते. पेटीत प्लॅटिनमचा थर तापलेला असतो, त्यावर हवेतल्या साऱ्या वाफा जळून जातात. पलीकडून निघते तिला आम्ही शून्य हवा म्हणतो. ज्योतीला हीच हवा, आणि नमुने भरायच्या पोलादी बाटल्या धुवायच्या त्याही याच हवेने.

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. ताईंनी विचारलं, “घरी पाहुणे किती आले, हे दारातल्या चपलांवरून सांगायचं आहे. आधी काय करशील?”

“मोजीन.”

“चुकलास! आधी घरच्यांच्या उचलून ठेवशील. मग मोजशील. शून्य हवा म्हणजे तेवढंच रे बाबा.”

हे वाक्य पुढे आमच्या डोक्यावर सतत आदळत राहिलं. आकडा विचित्र आला, की ताई म्हणणार, “घरच्या चपला उचलल्या का?” मी बायकोशी भांडून आलो आणि तोंड वाकडं करून बसलो, तरी प्रश्न तोच. तेव्हा तर तो फारच झोंबे.

खंडेनवमीला मात्र ताई वेगळ्याच असत. शस्त्रांची पूजा त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि आमची शस्त्रं म्हणजे ही यंत्रं. पण पूजाही त्यांच्याच नियमाने. उदबत्ती नाही, कापूर नाही, तेलाचा दिवा नाही. हळदकुंकू, अक्षता आणि जास्वंद, कारण जास्वंदीला वास नसतो. नारळ बाहेर रस्त्यावर फोडायचा. हवेची पेटी मात्र त्या दुसऱ्या कोणाला पुसू देत नसत. पदर खोचून स्वतः पुसत, अगदी कोपऱ्यांतून बोट फिरवून. त्या वर्षी लेकीने त्यांना गाडी चमकवायचा एक फवारा आणून दिला होता. ताईंनी तो हातावर मारून हुंगला, पुन्हा हुंगला. “वास-बिस काही नाही. चलो!” आणि चालू पेटीला त्यांनी तो असा मनापासून चोपडला की आमचे चेहरे तिच्यात दिसायला लागले.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि पहिलं काम आलं ते घाट्यांचं. सदाभाऊ घाटे यांचा रिछाईतच छोटा कारखाना. टाक्या साफ करायला आत उतरणारी माणसं पाठीवर हवेचे सिलिंडर बांधतात, ते भरून देण्याचा. ती हवा माणसाच्या छातीत जाणार, म्हणून तिची तपासणी आमच्याकडे. दर वेळी निर्मळ येणाऱ्या त्या हवेत या वेळी तेलाची वाफ निघाली, आणि थोडीथोडकी नाही. रिपोर्ट छापून तयार झाला. तो बाहेर गेला असता तर कारखान्याला टाळं लागलं असतं.

ताईंनी घाट्यांना फोन केला. ते धावतच आले. चेहरा पांढरा पडलेला. कारखान्याचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

“ताई, माझा भाचा परवाच ही हवा लावून टाकीत उतरला. एकदम सच सांगा. त्या पोराला मी काय पाजून राहिलो?”

ताई म्हणाल्या, “सदाभाऊ, भाच्याला डॉक्टरांना दाखवून घ्या. एकही सिलिंडर बाहेर जाऊ देऊ नका. बाकी मी बघून राहिली.”

ते गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. मला प्रश्न ठाऊक होता. मी घाईने म्हणालो, “ताई, चपला सुट्टीआधीच उचलल्यात. तेव्हा सगळं शून्य होतं.”

“सुट्टीआधी! आणि सुट्टीत घरात कोण आलं-गेलं, तुला काय ठाऊक?”

त्यांनी कपाटामागे ठेवलेला विकतच्या शून्य हवेचा सीलबंद सिलिंडर काढायला लावला. आमच्या पेटीच्या हवेने धुतलेली एक रिकामी बाटली घेतली, तिच्यात ही विकतची हवा भरली आणि यंत्राला लावली. खरं म्हणजे कागदावर सपाट रेघ यायला हवी होती. रेघ डोंगर चढली. घाट्यांच्या हवेत चढली होती, तोच डोंगर. म्हणजे वाफ घाट्यांची नव्हतीच, ती आमच्या बाटलीत होती. आमची पेटी हवेतल्या वाफा जाळतच नव्हती, बाहेरची हवा तशीच बाटल्यांत जात होती.

ताई पेटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, बोटं चोळली, हुंगली. मग हळूच विचारलं, “खंडेनवमीला ही कोणी पुसली?”

आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघू लागलो. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. त्या फवाऱ्यात सिलिकॉन होतं. पेटीने ते हवेबरोबर आत ओढलं, आणि तापलेल्या प्लॅटिनमवर त्याची वाळूसारखी साय धरली. त्याला वास नसतो, म्हणून त्या नाकापुढून ते सरळ आत गेलं होतं.

मला वाटलं, बाई आता कोसळणार. इतकी वर्षं दारात उभं राहून साऱ्या जगाचं तेल-अत्तर बाहेर ठेवलं, आणि पेटीचा जीव घेतला स्वतःच्याच हाताने, तोही पूजेच्या दिवशी. ताई स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अरे, माझं चुकलं!” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं म्हणजे सदाभाऊंचं चुकलं नाही! फोन लाव, फोन लाव त्यांना!”

स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही. त्या दिवशी त्या मला फार मोठ्या वाटल्या, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

विकतच्या हवेने बाटल्या नव्याने धुतल्या, ज्योतीलाही तीच हवा दिली, घाट्यांचा नमुना पुन्हा घेतला. रेघ सपाट आली. कारखान्यात उभ्या असलेल्या सदाभाऊंना ताईंनी फोनवर फक्त “निर्मळ!” एवढंच सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आमचाही. संध्याकाळी ते भाच्याला घेऊन आले, हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा. ताईंनी जलेबी व्हरांड्यात खाल्ली, भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि साबणाने हात धुऊन आत गेल्या. पेटीत नवं प्लॅटिनम बसलं. पुढच्या खंडेनवमीला ताईंनी पेटी कोरड्या फडक्याने पुसली आणि फडकंसुद्धा मला हुंगायला दिलं. म्हणाल्या, “माझ्या नाकावर जाऊ नको. त्याला माज आला होता.”

ऐन उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी दहा वाजून गेले तरी दारात कोणी वास घ्यायला नव्हतं, म्हणून मी बाहेर डोकावलो. ताई व्हरांड्यात उभ्या होत्या. केसांना तेल, वर मोगऱ्याचा हा एवढा गजरा. अख्खा व्हरांडा घमघमत होता.

“ताई, आत या ना.”

“काहून? तुला काही शिकवलं की नाही मी?” त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, आणि पायांतल्या चपला काढून दाराशी नीट जोडून ठेवल्या. “या आजपासून पाहुण्याच्या, बरं का. आता मोज.”

मग आम्हीच सगळे बाहेर आलो.