कमलीची भरणी

मी नकला करतो हे रिसोडात शेंबड्या पोराले बी ठाव हाये. म्हणून तुमाले वाटत असन — आता हा यष्टीच्या ड्रायवरची काढन, नाईतं पंचायतीच्या रेडिओतला बातम्यावाला काढन, अन् आपण पोट धरून हासू. बसा खुशाल. पण हासाची तयारी करू नोका. आज जे सांगून राह्यलो ते मी मायले सांगतलं नाई, दोस्तायले सांगतलं नाई, महादेवाच्या पिंडीसमोर बी तोंडातल्या तोंडात बोललो नाई. पाच वर्षं झाले.

चोरी असन, पोरीचं लफडं असन, असं बी मनात आणू नोका. तसं असतं तं मी चारचौघात रंगवून सांगतलं असतं. हे रंगवता येत नाई.

आमच्या भिंतीले भिंत लागून एका वैद्याचं घर. सारं गाव त्यायले बापूजी म्हणे. बापूजीचं द्राक्षासव म्हणजे — कसं सांगू? तापातून उठलेला माणूस दोन घोट घे अन् जेवाले माग. मनुका, गूळ, आंबवाले धायटीचे फुलं अन् पाणी. भरणीत भरायचं, तोंडावर कापड बांधून माती लिंपायची, अन् कोठीतल्या ज्वारीच्या राशीत गळ्यापर्यंत पुरायचं. आत ते आंबते. अन् आंबताना बोलते. खरंच बोलते — बुड, बुड, मंग बारीक चुर्र — जसं भिंतीपलीकडं कोणी भाकरीवर पाणी फिरवून राह्यलं. महिना-दीड महिना बोलते, मंग गप्प होते.

गप्प झाल्यावर खरं काम. कोणती भरणी आता द्यायची अन् कोणती ठेवायची? जुनं होईन तितका गुण चढते. पण साऱ्याच भरण्यायले जुनं होणं पचत नाई. अन् उघडून पाहावं तं हवा लागते, मंग ती ठेवता येत नाई. म्हणून बापूजी कानानं पाहात. भरणीले टिचकी मारायची, कान टेकवायचा, डोळे मिटायचे. मंग म्हणत — ही आज द्या. ही लहान हाये, निजू द्या. हिले पुढच्या दिवाळीले उठवू. जसं घरातल्या लेकरायबद्दल बोलून राह्यले.

अन् एक नियम होता, त्यायच्या बापापासूनचा. निवून गप्प झालेली भरणी परत बोलाले लागली तं समजायचं, आतून फिरली, नासली. तिले उघडायचं नाई, चाखायचं नाई. घरात तोंड खोललं तं तिच्या वाऱ्यानं दुसऱ्या बी फिरतात. तशीच उचलायची, न्हाणीच्या मागं न्यायची अन् फोडायची.

हे सारं मले ठाव होतं. ठाव नसतं तं? पण होतं.

राशीत एक भरणी सगळ्यायहून जुनी होती. कमलीची भरणी. कमली म्हणजे बापूजीची एकुलती लेक, मालेगावले देल्ली होती. तिच्या लग्नाच्या आठवड्यात बापूजीनं ती भरली, अन् म्हटलं, हिच्या पयल्या बाळंतपणाले काढीन. चार वर्षं दरसाल कोणी ना कोणी ती मागे. पाटलाच्या घरून निरोप येत. बापूजी नुसती मान हालवत. कमलीच्या कुशीची वाट पाहून राह्यले होते दोघंबी — बापूजी अन् ती भरणी.

मंग कमली आली. पोरगी झाली. पण कमली निरा पांढरी पडली. उठून बसली का डोळ्यापुढं अंधारी. बारसं झालं का भरणी काढू, असं ठरलं.

आता माह्यं सांगतो. बारशाच्या पंधरा दिवस आंधी बापूजीच्या ओसरीवर चार माणसं बसले होते. मी बापूजीच्या खोकल्याची नक्कल करून राह्यलो होतो, अन् बापूजीच सगळ्यायहून जास्त हासून राह्यले होते. हासता हासता म्हणाले, "गज्या, साऱ्या गावाची नक्कल करशीन लेका, पण माह्या भरणीची तुह्या बापालेबी जमणार नाई!"

बस. इतलंच. यात काई वाईट बोलले का ते? लाडानं बोलले. पण माह्या डोक्यात ते बसलं. त्या साली भरलेल्या दोन भरण्या तवा राशीत बोलत होत्या. मी कोठीच्या भिंतीले कान लावून बसे. घरी येऊन गालात वारा भरून, जीभ टाळूले लावून — बुड, बुड, चुर्र. माही माय म्हणे, पोटात दुखते का रे तुह्या? आठ दिवसांत असं जमलं का मले स्वतःलेच समजेना, मी का भरणी.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, बापूजीनं भिंतीवरून हाक मारली. राशीतून भरणी वर काढाले हात पाह्यजे होता. आमी दोघायनं ती काढली, कोठीच्या मधात चुंबळीवर ठेवली. मी एका बाजूनं धरून, ते दुसऱ्या बाजूनं. त्यायनं टिचकी मारली. कान टेकवला. डोळे मिटले.

अन् मी केलं.

तोंड बंद ठेवून, भरणीच्या पोटाले गाल लावून. बुड, बुड, चुर्र.

माह्या मनात काय होतं? हेच का बापूजी डोळे उघडतीन, माह्याकडं पाहातीन, पाठीत एक धपाटा घालतीन अन् म्हणतीन, जमलं रे सायाच्या. इतलंच पाह्यजे होतं मले. त्यायनं डोळे उघडले. पण माह्याकडं पाह्यलं नाई. भरणीकडं पाह्यलं. अन् त्यायचा चेहरा — मी इतक्या लोकायचे चेहरे काढतो, तो एक चेहरा मले आजवर काढता आला नाई.

मंग त्यायनं परत कान लावला. तवा मी गप्प राह्यलो. पण एकदा ऐकलेलं त्यायले पुरे होतं.

"फिरली," म्हणाले.

तवा सांगायचं होतं न? बापूजी, मी होतो! तीन शब्द. माह्या तोंडाशी आले होते. पण मले भेव वाटलं. मार बसन याचं नाई. त्यायनं मले आतपर्यंत वळखलं असतं, त्याचं. अन् मंग एक एक क्षण असा गेला का सांगणं जड होत गेलं. न्हाणीपर्यंत वीस पावलं असतीन. मी ती भरणी उचलू लागलो. माह्या हातानं. वीस पावलं होते माह्याजोळ, अन् मी एकातही तोंड उघडलं नाई.

काकू, म्हणजे बापूजीच्या घरच्या, दारात उभ्या होत्या. "एकदा चाखून तं पाहा," म्हणाल्या. बापूजी म्हणाले, "फिरलेलं पाजू का लेकीले?" अन् दगडावर आपटली.

वास आला.

काय सांगू तुमाले. चार वर्षांचा वास. गूळ नाई, मनुका नाई, त्याच्या पलीकडचं काईतरी. सारी गल्ली भरली. आतून, बाजेवरून, कमलीचा बारीक आवाज आला — "बाबा, काढली का भरणी? कसा छान वास येऊन राह्यला."

बापूजी खाली बसले. एक खापर उचललं, बुडाशी घोटभर राह्यलं होतं. बोट बुडवलं. चाखलं. मंग तेच बोट उचलून त्यायनं आपल्या कानाशी टिचकी वाजवली. एका कानाशी. मंग दुसऱ्या कानाशी. जशी भरणी पाहात होते तशीच.

त्या दिवसानंतर बापूजीनं भरणीले कान लावला नाई. राशीत सात भरण्या होत्या. आता कोणती द्यायची, कोणती ठेवायची, हे विचारलं का म्हणत, "माहा कान गेला." सातही एका वाशीमच्या वैद्याले देऊन टाकल्या, न ऐकता. पुढं ज्वारी नुसतीच भरत. कमली सुधरली, दवाखान्याच्या सुयायनं म्हणा, नाईतं दिवस गेल्यानं. लोक म्हणाले, पाहा, आसवावाचून काई अडलं नाई. ते बी बापूजीनं ऐकलं.

अन् सगळ्यायहून वाईट सांगू? ते मले विचारत. ओसरीवर बसलो का हळूच — "गज्या, आता कावळा वरडला का रे? का मलेच वाटलं?" मी म्हणे, वरडला बापूजी. "यष्टी गेली का?" गेली बापूजी. त्यायचे कान साबूत होते. पण खरं काय अन् खोटं काय, हे ते माह्या तोंडानं ठरवत. माह्याच तोंडानं! दिवसातून दहा खेपा सांगाची सोय होती मले. पाच वर्षं.

मागच्या माघात बापूजी गेले. तेरवीच्या दुपारी, पंगती उठल्यावर, मी पत्रावळी उचलून राह्यलो होतो. काकूनं मले कोठीच्या दाराशी बलावलं. मले वाटलं, काकूले समजलं. काकू म्हणाल्या —

"गज्या, पाच वर्षं पोटात ठेवलं, आज बोलतेच. त्या दिवशी तू होता न कोठीत? त्यायच्या कानात भरलं काईतरी, पण तुले तं ऐकू आलं नसन. मंग म्हटलं काहून नाई? 'बापूजी, मले काई ऐकू नाई आलं' — इतलं तोंडातून निघालं नाई तुह्या? यष्टी वाजवतं, रेडिओ वाजवतं, गावच्या कुत्र्यायले भुकाले लावतं, अन् माह्या माणसाच्या येळेलेच दातखीळ बसली तुले? त्यायनं कान गेला म्हणत जीव सोडला रे. तू एक शब्द बोलला असता! मुका हाये तू, लेका. साऱ्या गावात तूच एक मुका हाये."

माह्या हातात पत्रावळी होत्या. मी म्हटलं, "हो काकू."